कोटी आणि पूरक

माझी भाची सातवीपर्यंत इंदूरला हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकली आणि आठवीत पुण्यात मराठी शाळेत दाखल झाली. पहिल्याच चाचणीत तिला एक सोपा प्रश्न आला : ३५° मापाच्या कोनाच्या पूरक कोनाचे माप लिहा. तिने ५५° लिहिले. बाईंनी त्यावर लाल फुली मारून शेजारी १४५° असे लिहून दिले. गणितात कधी न चुकणाऱ्या मुलीचा हा एक गुण गेला, आणि एका गुणापेक्षा तिला अधिक लागले ते हे, की आपले काय चुकले हे तिला कोणी सांगेना. संध्याकाळी ती वही घेऊन माझ्याकडे आली. मी साहित्याचा शिक्षक. गणिताची शंका घेऊन माझ्याकडे सहसा कोणी येत नाही. पण ही शंका गणिताची नव्हतीच. ‘पूरक’ या एका शब्दाची होती.

मराठी पाठ्यपुस्तकात ज्या दोन कोनांच्या मापांची बेरीज ९०° होते त्यांना परस्परांचे कोटिकोन म्हणतात आणि ज्यांची बेरीज १८०° होते त्यांना पूरक कोन म्हणतात. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या हिंदी पाठ्यपुस्तकात ९०° बेरजेच्या जोडीला ‘पूरक’ आणि १८०° बेरजेच्या जोडीला ‘संपूरक’ असे म्हटले जाते. म्हणजे एकच संस्कृत शब्द, एकच लिपी, पाठ्यपुस्तकातले पान जवळजवळ तेच. आणि नर्मदा ओलांडली की त्या शब्दाची किंमत दुप्पट होते. भाचीचे उत्तर बरोबर होते, बाईंची दुरुस्तीही बरोबर होती. दोन भाषांत सारखे दिसणारे पण अर्थाने वेगळे निघणारे शब्द भाषांतराच्या तासाला आपण शिकवतो. हिंदीतली ‘शिक्षा’ आणि मराठीतली ‘शिक्षा’ हे नेहमीचे उदाहरण. भूमितीत, जिथे शब्दाला एकच अर्थ असतो अशी आपली समजूत आहे, तिथे असे उदाहरण सापडावे याचे मला नवल वाटले, आणि पुढचे काही महिने मी या दोन शब्दांच्या मागे गेलो.

हिंदीची जोडी कुठून आली हे ओळखणे कठीण नाही. इंग्रजीत या दोन नात्यांना ‘कॉम्प्लिमेंटरी’ आणि ‘सप्लिमेंटरी’ म्हणतात. हे दोन्ही शब्द लॅटिनमधल्या ‘प्लेरे’ म्हणजे भरणे या एकाच धातूपासून आलेले; फरक फक्त उपसर्गाचा. हा लॅटिन धातू आणि आपल्या ‘पूर्ण’, ‘पूर’, ‘पूरक’ यांच्या मागचा संस्कृत धातू एकाच मूळ कुळातले, त्यामुळे ‘पूरक’ हा अनुवाद म्हणून चपखल आहे यात शंका नाही. पण इंग्रजी मुलाला कोणता शब्द ९०चा आणि कोणता १८०चा हे लक्षात ठेवायला आद्याक्षरांच्या युक्त्या शिकाव्या लागतात. हिंदीने उपसर्गाच्या जागी उपसर्ग ठेवून इंग्रजीची ही अडचणही इमानाने अनुवादित केली. मराठीत तसे झाले नाही. इथे दोन नात्यांना दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द मिळाले : एक ‘भरणे’ या क्रियेतून आलेला आणि दुसरा, कोटी, जो भरण्याशी काही संबंध ठेवत नाही. तो कुठून आला हे सांगण्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण कोनांच्या जोड्यांचा शास्त्रशुद्ध विचार जिथे प्रथम मांडला गेला तिथे हे दोन्ही शब्द नव्हते.

युक्लिडचे ‘मूलतत्त्वे’ हे पुस्तक इ.स.पू. ३००च्या सुमाराचे. त्याच्या पहिल्या खंडात अंश नाहीत. ९० ही संख्या नाही आणि १८०ही नाही. वर्तुळाचे ३६० भाग करण्याची बाबिलोनी रीत ग्रीक ज्योतिषात पुढे रुजली. युक्लिडच्या भूमितीला तिची गरज पडली नाही. मग काटकोन म्हणजे काय हे त्याने कसे सांगितले? एक सरळ रेषा दुसऱ्या सरळ रेषेवर उभी राहिली असता तिच्या दोन्ही बाजूंचे कोन परस्परांशी समान असतील, तर त्या प्रत्येकाला काटकोन म्हणावे. ही व्याख्या मी शाळेत असताना कोणी मला अशी सांगितली असती तर बरे झाले असते. कारण इथे काटकोन हे एकट्या कोनाचे माप नाही. तो शेजाऱ्याशी असलेल्या नात्यातून ठरतो. शेजारी नसेल तर काटकोन ओळखता येत नाही. त्याही आधी युक्लिड कोनाची व्याख्या करतो ती एका रेषेचा दुसरीकडे असलेला कल अशी. म्हणजे कोन हेच मुळात दोन रेषांमधले नाते, आणि काटकोन हे दोन नात्यांमधले नाते. जोडी आधी, माप नंतर. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा क्रम उलटा झाला आहे : आधी कोनमापक हातात येतो, आणि मग जोड्यांची नावे बेरजेच्या उदाहरणांसाठी पाठ करायची असतात.

युक्लिडची ‘दोन काटकोन’ ही भाषा हीच खरी पूरक कोनांची भाषा. पहिल्या खंडाच्या तेराव्या सिद्धांतात तो म्हणतो की रेषेवर रेषा उभी राहिली तर होणारे दोन कोन एक तर दोन काटकोन असतात, नाही तर दोन काटकोनांइतके असतात. आपण ज्याला रेषीय जोडी म्हणतो ती हीच. पंधराव्या सिद्धांतात विरुद्ध कोनांची पाळी येते. दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा समोरासमोरचे कोन समान असतात, आणि याचे कारण असे की दोघांच्या मध्ये असलेला कोन दोघांनाही पूरक आहे. सामाईक शेजारी काढून घेतला की उरते ते समान. (मराठीने या कोनांना ‘विरुद्ध’ म्हटले आणि हिंदीने ‘शीर्षाभिमुख’. कोर्टाच्या फलकावर जो शब्द दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये येतो, तो इथे कायम समान असणाऱ्यांना मिळाला आहे. हिंदीचा शब्द अधिक अचूक, मराठीचा अधिक लक्षात राहणारा.)

या पंधराव्या सिद्धांताची एक छोटी कथा आहे. ती आपल्याला पाचव्या शतकातल्या प्रोक्लस या भाष्यकाराकडून कळते. तो सांगतो की अॅरिस्टॉटलचा शिष्य युडेमस याच्या मते ही गोष्ट प्रथम मिलेटसच्या थेलीसच्या ध्यानात आली, पण तिला शास्त्रीय सिद्धता हवी असे वाटले ते युक्लिडला. युडेमसचा भूमितीचा इतिहास आज उपलब्ध नाही. थेलीस इ.स.पू. सहाव्या शतकातला आणि प्रोक्लस त्याच्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी. तेव्हा या कथेवर किती भार टाकायचा हे ज्याने त्याने ठरवावे. माझे लक्ष वेधले ते तिच्यातल्या भेदाने. एखादी गोष्ट दिसणे वेगळे आणि तिला सिद्धतेची गरज आहे असे वाटणे वेगळे. कात्री उघडताना विरुद्ध कोन समान राहतात हे कोणत्याही शिंप्याला दिसते. त्याला कारण मागावेसे वाटणे ही निराळी मनोवृत्ती आहे, आणि प्रोक्लसच्या सांगण्यावरून ग्रीकांना स्वतःला या दोहोंतला फरक माहीत होता असे दिसते.

मात्र सगळ्याच जोड्यांचे कारण असे सहज देता येत नाही, आणि इथे युक्लिडच्या पुस्तकातली सर्वांत अवघड जागा येते. एक छेदिका दोन रेषांना छेदते आणि एका बाजूला दोन आंतरकोन तयार होतात. युक्लिडचे पाचवे गृहीतक म्हणते की या दोन आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी असेल तर त्या दोन रेषा, कितीही दूर वाढवाव्या लागल्या तरी, त्या बाजूला अखेर भेटतील. इतर चार गृहीतके एकेका ओळीची आहेत : दोन बिंदूंतून रेषा काढता येते, सर्व काटकोन समान असतात, अशी. हे पाचवे लांबलचक आणि एखाद्या सिद्धांतासारखे वाटणारे. युक्लिडलाही ते वापरताना संकोच वाटला असावा असे म्हणण्याचा मोह होतो, कारण पहिले अठ्ठावीस सिद्धांत त्याने त्याच्याविना पार पाडले आहेत. व्युत्क्रम कोन समान असतील तर रेषा समांतर असतात, हे तो त्याच्याविना सिद्ध करतो. रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन समान असतात आणि आंतरकोन पूरक असतात, हा व्यत्यास एकोणतिसाव्या सिद्धांतात येतो आणि तिथे पाचव्या गृहीतकाला हात लावावा लागतो. सातवी-आठवीत आपण ही दोन वाक्ये एकाच चौकटीत, एकाच दमात शिकवतो. त्यांतल्या एकाच्या मागे सिद्धता आहे आणि दुसऱ्याच्या मागे सिद्धतेबरोबर विश्वासही आहे, हे चौकटीत दिसत नाही.

हा विश्वास सिद्ध करून टाकावा म्हणून दोन हजार वर्षे प्रयत्न झाले. त्यांतले एक नाव साहित्याच्या विद्यार्थ्यांना अनपेक्षित वाटेल. माधव जूलियनांनी १९२९ साली ज्याच्या रुबाया मराठीत आणल्या तो उमर खय्याम (१०४८–११३१) हा गणिती होता हे सगळ्यांनी ऐकलेले असते. पण त्याने १०७७ साली युक्लिडच्या गृहीतकांतल्या अडचणींवर एक प्रबंध लिहिला, हे मराठी रसिकांच्या कानावर सहसा येत नाही. त्याने एक चौकोन घेतला. पायाशी दोन काटकोन, त्यांवर उभ्या दोन समान बाजू. माथ्यावर जे दोन कोन होतात ते परस्परांशी समान, हे सहज सिद्ध होते. पण ते काटकोनच असतील कशावरून? लघुकोन असू शकतील, विशालकोनही असू शकतील. खय्यामने नंतरच्या दोन शक्यता खोडून काढल्या, अर्थात दुसऱ्या एका गृहीतकाच्या आधाराने. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तुसी याच वाटेने गेला. इटलीतला साकेरी हा जेझुइट पाद्री १७३३ साली तोच चौकोन घेऊन बसला आणि युक्लिडला प्रत्येक डागापासून मुक्त करण्याची प्रतिज्ञा त्याने पुस्तकाच्या नावातच केली. शेवटी १८२९ साली लोबाचेव्हस्कीने आणि १८३२ साली यानोश बोयाय याने, एकमेकांची माहिती नसताना, उलट बाजूने पाऊल टाकले : माथ्यावरचे कोन लघुकोन आहेत असे मानले तरी विसंगती येत नाही, एक वेगळी भूमिती उभी राहते. यानोशचे वडीलही गणिती होते. या प्रश्नाने आपले आयुष्य पोखरले, तू त्याच्या वाटेला जाऊ नकोस, अशी कळकळीची पत्रे त्यांनी मुलाला लिहिली होती. मुलाने ऐकले नाही.

या नव्या भूमितीत कोणती नाती टिकतात आणि कोणती तुटतात हे पाहणे उद्बोधक आहे. विरुद्ध कोन तिथेही समान. रेषीय जोडीही दोन काटकोनांइतकीच. एका बिंदूपाशी घडणारी नाती अभंग राहतात. पण दूरच्या दोन बिंदूंपाशी असलेल्या कोनांचे नाते बदलते. न भेटणाऱ्या दोन रेषांना छेदिकेने छेदले तर आंतरकोन पूरक असतीलच असे नाही. काटकोन त्रिकोणाचे उरलेले दोन कोन परस्परांचे कोटिकोन राहत नाहीत; त्यांची बेरीज काटकोनापेक्षा कमी भरते. गोलाच्या पृष्ठावर तीच बेरीज काटकोनापेक्षा जास्त होते.

आता कोटीकडे येतो. प्राचीन भारतीय गणितात युक्लिडच्या अर्थाने कोनांचे शास्त्र नाही. हे वाक्य काहींना रुचणार नाही, पण ते न्यूनत्वदर्शक म्हणून मी लिहीत नाही. आपल्या ज्योतिर्विदांनी कोनाऐवजी चाप घेतला. चाप म्हणजे धनुष्य. वर्तुळाचा तुकडा हे धनुष्य, त्याची दोन टोके जोडणारी दोरी ती ज्या किंवा जीवा, आणि दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या पाठीपर्यंतचे अंतर तो शर, म्हणजे बाण. टॉलेमीने दुसऱ्या शतकात संपूर्ण जीवांचे कोष्टक केले होते, इ.स. ४९९च्या ‘आर्यभटीया’त आर्यभटाने अर्ध्या जीवेचे कोष्टक दिले, ३ अंश ४५ कलांच्या पायऱ्यांनी २४ मूल्ये, आणि त्रिकोणमिती आजच्या रूपाच्या जवळ आली. कोटी हा शब्दही याच शस्त्रागारातला. धनुष्याचे टोक हा त्याचा एक जुना अर्थ. काटकोन त्रिकोणात काटकोनाची एक बाजू भुज, दुसरी कोटी आणि समोरची कर्ण. भास्कराचार्यांची १११४ साली जन्मून ११५० साली लिहिलेली ‘लीलावती’ या तीन शब्दांनी भरलेली आहे. भुजाच्या चापाची ज्या ती भुजज्या आणि कोटीच्या चापाची ती कोटिज्या.

दोन्ही चाप मिळून वर्तुळाचा एक पाद भरतो. हे सांगण्याची ‘सूर्यसिद्धांता’ची रीत मला विशेष आवडते. ग्रह वर्तुळावरून फिरत असतो आणि त्याने एका पादाचा काही भाग ओलांडलेला असतो. जो ओलांडला तो गत, जो ओलांडायचा आहे तो गम्य. पहिल्या पादात गत हा भुज आणि गम्य ही कोटी. म्हणजे कोटी ही कोपऱ्यात स्थिर बसलेली उणीव नाही. ती उरलेली वाट आहे. लॅटिनच्या आणि आपल्या ‘पूरक’मध्ये भांडे भरण्याची प्रतिमा आहे, ‘कोटी’मागे चालण्याची. एकाच संबंधाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी, आणि मराठी पाठ्यपुस्तकाच्या एकाच पानावर त्या शेजारी शेजारी नांदत आहेत.

या नात्याचे प्रत्यक्षातले रूप पाहायचे असेल तर उन्हात एक काठी उभी करावी. ज्योतिषग्रंथांतला शंकू १२ अंगुले उंच असतो. दिवस आणि रात्र समान असतात त्या दिवशी मध्यान्ही त्याची जी सावली पडते तिला पलभा म्हणतात. शंकू, सावली आणि शंकूच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतची तिरपी रेषा मिळून काटकोन त्रिकोण होतो. त्याचा शंकूच्या टोकाशी असलेला कोन म्हणजे त्या गावाचा अक्षांश आणि जमिनीशी असलेला कोन म्हणजे लंबांश. अक्ष आणि लंब हे परस्परांचे कोटिकोन. एक कळला की दुसरा वेगळा मोजावा लागत नाही. पुण्याची पलभा सुमारे ४ अंगुले येते आणि इंदूरची सुमारे ५. हा हिशेब मी भाचीकडून करून घेतला. इंदूर सोडून पुण्यात आल्यामुळे तिची विषुवदिनाची सावली काहीशी आखूड झाली होती, आणि पूरक शब्दाची किंमत वाढली होती.

भास्कराचार्यांच्या संदर्भात मराठीच्या अभ्यासकाने आणखी एका स्थळाची आठवण ठेवली पाहिजे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे शके ११२८चा, म्हणजे साधारण इ.स. १२०७चा, एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन झाला, त्याला मिळालेल्या देणग्यांची ही नोंद. डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, पण मठाला कोणी कोणत्या मालावर काय द्यायचे हा व्यवहाराचा भाग जुन्या मराठीत आहे. मराठीच्या आरंभीच्या लेखनात आपण तो वाचतो तो भाषेसाठी. ज्या विद्येसाठी ते दान दिले गेले त्या विद्येत कोटी हा रोजच्या वापरातला शब्द होता, हे मात्र आपण वर्गात सांगत नाही.

ज्या या शब्दाचा परदेशप्रवास आता पुष्कळांना माहीत आहे. अरबी गणितज्ञांनी ‘जीवा’ हा शब्द उच्चारानुसार घेतला. स्वर न लिहिण्याच्या रीतीमुळे तो पुढे ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राची घडी, छातीपाशी होणारी पोकळी. बाराव्या शतकातल्या लॅटिन अनुवादकाने त्याच अर्थाचा ‘सिनुस’ हा शब्द योजला आणि त्यातून आजचा ‘साइन’ आला. हिंदी-उर्दूतला ‘जेब’ याच अरबी शब्दाचा वंशज आहे हे सहसा कोणी जोडून सांगत नाही. कोटिज्येचे शब्दरूप मात्र त्या प्रवासात टिकले नाही. युरोपात तिला उरलेल्या कोनाची ज्या असे लांबलचक नाव होते. १६२० साली एडमंड गंटरने ते आखडून ‘को-सिनुस’ केले. हे ‘को’ म्हणजे ‘कॉम्प्लिमेंट’चे पहिले अक्षर. ते ‘कोटी’चे पहिले अक्षर आहे असे सांगणारे लेख अधूनमधून दिसतात. ध्वनिसाम्याचा हा मोह टाळलेला बरा. मराठीत शब्दश्लेषाला ‘कोटी’ म्हणतात. तिला व्युत्पत्ती म्हणून खपवू नये.

युक्लिडचा भारतातला प्रवेशही असाच वळणावळणाचा आहे. तुसीने १२४८ साली युक्लिडच्या ग्रंथाची अरबी आवृत्ती सिद्ध केली. सवाई जयसिंहाच्या आज्ञेवरून पंडित जगन्नाथ सम्राट यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिच्यावरून ‘रेखागणित’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पंधरा अध्यायांचा हा ग्रंथ १९०१-०२ साली ‘बॉम्बे संस्कृत सीरिज’मध्ये कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांनी छापून आणला. त्याच्या आरंभीच्या श्लोकांत जगन्नाथ पंडित सांगतात की हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, परंपरेने ते पृथ्वीवर आले, मग ते खंडित झाले आणि महाराजांच्या आज्ञेने आपण ते पुन्हा प्रकाशात आणले. तिथे ना युक्लिड, ना तुसी. भाषांतरमीमांसेच्या आजच्या विद्यार्थ्याला ही लबाडी वाटेल. मला ती तशी वाटत नाही. परक्या विद्येला आपल्या सभेत बसवायचे तर तिला गोत्र द्यावे लागते, आणि जगन्नाथ पंडितांनी दिलेले गोत्र शिल्पशास्त्राचे आहे, हे मला सूचक वाटते. युक्लिडची भूमिती आपल्याकडे ज्योतिषाच्या बाजूने न येता गवंड्याच्या आणि सुताराच्या बाजूने आली असे ते म्हणू पाहतात.

आणि या दुसऱ्या बाजूला एक पुरावा खरोखरच आहे. कंपासपेटीतल्या त्रिकोणी साधनाला आपण गुण्या म्हणतो. गवंडी काटकोन तपासायला जे लोखंडी साधन वापरतो त्यालाही गुण्याच म्हणतात, हिंदीत गुनिया. हा शब्द फारसीतून आला आणि फारसीत तो ग्रीक ‘गोनिया’ या शब्दावरून गेला. गोनिया म्हणजे कोन. ‘केंद्र’ हा शब्द ग्रीक ‘केंत्रोन’वरून आपल्या ज्योतिषग्रंथांत आला हे सर्वमान्य आहे. ‘कोण’ या संस्कृत शब्दाचे ग्रीकशी नाते आहे की नाही याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, पण गुण्याचे नाते स्पष्ट आहे. पोथीत युक्लिडचे नाव पुसले गेले आणि गवंड्याच्या पिशवीत ग्रीकांचा कोन राहिला. कंपासपेटीत दोन गुण्या असतात. एका गुण्यात ३०° आणि ६०°, दुसरीत ४५° आणि ४५°. काटकोन सोडला तर दोहोंत उरतात त्या कोटिकोनांच्या जोड्याच.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत जर्विस यांच्या देखरेखीखाली युरोपीय गणिताची पुस्तके मराठीत आली. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्यांनी गणित मराठीतून शिकवण्याजोगे केले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा १८९६चा ग्रंथ वाचताना जाणवते, की त्या पिढीला सिद्धान्तग्रंथ आणि इंग्रजी पाठ्यपुस्तके दोन्ही हाताशी होती. अशा वातावरणात ९०च्या जोडीसाठी नवा शब्द घडवण्याची गरज नव्हती, कोटी तयार होता. १८०च्या जोडीसाठी भारतीय परंपरेत तसा रुळलेला शब्द नव्हता, कारण चापाच्या गणिताला पादाची गरज होती, अर्ध्या वर्तुळाच्या पूर्तीची तितकीशी नव्हती. तिथे पूरक आला. मराठीला हे भान कोणी ठरवून दिले की आपोआप घडले हे मी सांगणार नाही. पण परिणाम चांगला झाला. उलट, ‘पूरक’ हा शब्द मराठीत इतका सैल आहे (पूरक वाचन, पूरक रंग, पूरक आहार) की तो एका संख्येला बांधताना मुलांना त्याचा आधार काहीच मिळत नाही. दोहोंत कमकुवत शब्द कोणता असेल तर तो पूरक.

पारिभाषिक शब्द सर्व भारतीय भाषांत सारखे असावेत, निदान संस्कृतमूलक तरी, असे मत अधूनमधून मांडले जाते. भाषांतराच्या दृष्टीने ते सोयीचे आहे हे खरे. हिंदीतून मराठीत आलेल्या एका विज्ञानपुस्तकाची मुद्रिते तपासताना ‘पूरक कोन’ हा शब्द जसाच्या तसा उतरलेला मीही पाहिला आहे, आणि पुढचे सगळे गणित त्यामुळे फसले होते. तरीही एकरूपतेसाठी कोटिकोन सोडून पूरक-संपूरक घ्यावे, हे मला मान्य होणार नाही. त्यात आपण हिंदीच्या जवळ जाऊ असे वाटते. वस्तुतः आपण लॅटिनच्या जवळ जाऊ आणि ‘लीलावती’पासून दूर.

भाचीला मी यातले सगळे सांगितले नाही. तिच्या वहीत दोन रकाने केले, एक इंदूरचा आणि एक पुण्याचा, आणि बाईंना दाखवायला सांगितले. बाईंनी ते मोकळेपणाने वर्गात वाचून दाखवले. दोन दिवसांनी तिने मला विचारले, “मामा, १२०° च्या कोनाचा पूरक कोन ६०° चा, मग त्याचा कोटिकोन कोणता?” पाठ्यपुस्तकाप्रमाणे असा कोन नाही, कारण १२० आधीच ९०च्या पुढे गेले आहेत. मी ‘सूर्यसिद्धांत’ काढला. दुसऱ्या पादात नियम उलटतो, गम्य हा भुज होतो आणि गत ही कोटी. १२० अंशांवरच्या ग्रहाने दुसऱ्या पादाचे ३० अंश ओलांडले आहेत आणि ६० उरले आहेत. तेव्हा भुज ६०, कोटी ३०. तिने ते वहीत तिसऱ्या रकान्यात लिहिले.